सहाराची विमानं

२०१६ साली मुळशी तालुक्याच्या महसूल खात्याने अ‍ॅम्बी व्हॅली या खासगी शहराच्या प्रवेशद्वाराला सील ठोकलं. सुमारे ४ कोटी ८० लाखांचा अकृषिक कर थकला होता. ज्या सहारा समूहाने डोंगरात हे शहर वसवलं, खासगी धावपट्टी आखली, त्याची २००७ पर्यंत स्वतःची विमान कंपनी होती. मला ती या शहराहून मोलाची वाटते, कारण ती सामान्य प्रवाशाच्या उपयोगी पडली.

३ डिसेंबर १९९३ रोजी दोन बोइंग ७३७ घेऊन ‘सहारा इंडिया एअरलाइन्स’ सुरू झाली. त्याआधी चाळीस वर्षं देशांतर्गत प्रवास म्हणजे सरकारी इंडियन एअरलाइन्स. खासगी कंपन्यांना दार उघडताच ईस्ट वेस्ट, दमानिया, मोदीलुफ्त अशा कंपन्या आल्या आणि काही वर्षांतच गुंडाळल्याही गेल्या. तगल्या त्या जेट एअरवेज आणि सहारा.

सहाराची सुरुवात मात्र रक्ताने माखली. ८ मार्च १९९४ रोजी दिल्ली विमानतळावर तिच्या बोइंगवर नव्या वैमानिकांचा सराव चालू होता. उड्डाण घेताना एक इंजिन निकामी झालं असं समजून विमान सावरायचं, असा तो धडा. अशा वेळी चालू इंजिन विमानाचं नाक बंद इंजिनाच्या बाजूला ढकलतं. वैमानिकाने विरुद्ध पायाने रडर (शेपटीचं सुकाणू) दाबून ते सरळ राखायचं. त्या दिवशी चुकीचा पाय दाबला गेला आणि प्रशिक्षकाला तो वेळेत रोखता आला नाही. विमान कोसळलं, त्याचे तुकडे उभ्या असलेल्या एरोफ्लोटच्या इल्युशिन-८६ वर आदळले. नऊ जण गेले. त्यांत आपलं काम करत असलेले रशियन कर्मचारीही होते.

कंपनी यातून उभी राहिली, याचं श्रेय तिच्या माणसांना द्यायला हवं. २००० साली ती ‘एअर सहारा’ झाली. पन्नास आसनी छोटी जेट विमानं आणली, रिकाम्या सीटांचा इंटरनेटवर लिलाव मांडला, २००४ मध्ये चेन्नईहून कोलंबो गाठलं.

पण २००३ मध्ये एअर डेक्कन आली, मागोमाग स्पाइसजेट आणि इंडिगो. भाडी कोसळली. स्वस्त कंपन्यांइतका कमी खर्च सहाराला जमत नव्हता, आणि जेटसारखा दबदबाही नव्हता. माझ्या मते समूहाने तिला शान म्हणून मिरवलं, धंदा म्हणून घट्ट बांधलं नाही. जानेवारी २००६ मध्ये जेटने सुमारे २,३०० कोटींना खरेदी जाहीर केली. जूनमध्ये सौदा फिसकटला. एप्रिल २००७ मध्ये तीच कंपनी १,४५० कोटींना गेली आणि ‘जेटलाइट’ झाली.

१७ एप्रिल २०१९ रोजी जेटची उड्डाणं थांबली, जेटलाइटचीही. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जेट अवसायनात काढण्याचा आदेश दिला, तेव्हाही कर्मचाऱ्यांची देणी बाकीच होती.