पडद्याबाहेर आलेली महाराणी आणि स्त्रियांचे मत

पूर्वीच्या नगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील चौंडी गावी जन्मलेल्या अहिल्यादेवी होळकरांनी १७६७ ते १७९५ अशी २८ वर्षे राज्यकारभार केला. मात्र विसाव्या शतकात हिंदी स्त्रियांनी मताधिकार मागितला, तेव्हा सरकारला हा दाखला पुरेसा वाटला नाही. डिसेंबर १९१७ मध्ये सरोजिनी नायडूंच्या नेतृत्वाखाली स्त्रियांचे शिष्टमंडळ मद्रासला भारतमंत्री माँटेग्यू यांना भेटले. साउथबरो समितीने मात्र ही मागणी अकाली ठरवली. समाजाचे सनातनी वळण आणि पडद्याची चाल, ही तिने दिलेली कारणे.

या पार्श्वभूमीवर बडोद्याच्या महाराणी चिमणाबाई गायकवाड यांचे महत्त्व ध्यानात येते. सयाजीराव महाराजांच्या या पत्नीने १९१४ च्या सुमारास स्वतःच पडदा सोडला. त्याआधी, १९११ मध्ये, हिंदी स्त्रीच्या स्थितीवरील त्यांचा इंग्रजी ग्रंथ सिद्धमोहन मित्र यांच्या सहकार्याने प्रसिद्ध झाला होता. पडदा हा स्त्रीस्वभाव नसून केवळ रिवाज आहे, हे राजघराण्यातील स्त्रीने आचरणातून दाखविणे हे कोणत्याही निवेदनाइतकेच बोलके होते.

मताधिकाराच्या प्रत्यक्ष लढ्याचे श्रेय मात्र त्यांना देता येणार नाही. मुंबई इलाख्यात ते काम रमाबाई रानडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केले. १९२१ मध्ये इलाख्याच्या कायदेमंडळाने स्त्रियांना मत दिले, पण मालमत्तेची अट कायम राहिली. ज्या देशात मालमत्ता बहुधा पुरुषांच्या नावे, तेथे या अटीने किती स्त्रिया मतदार होणार, हे उघड होते.

चिमणाबाईंचा वाटा पुढे आला तो जानेवारी १९२७ मध्ये. मार्गारेट कझिन्स यांच्या पुढाकाराने पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात भरलेल्या पहिल्या अखिल भारतीय महिला परिषदेच्या त्या अध्यक्षा होत्या. विषय होता स्त्रीशिक्षण. मताचा प्रश्न तेथे मुख्य नव्हता. परंतु शिक्षणासाठी कायदेमंडळाचे दार ठोठवावे लागते, आणि तेथे मतावाचून कोणी ऐकत नाही, हा अनुभव परिषदेला लवकरच आला. १९३१ मध्ये तिने अन्य महिला संघटनांसह मालमत्तेची वा शिक्षणाची अट नसलेला प्रौढ मताधिकार मागितला. संस्थानिकांच्या राण्यांनी आरंभी भूषविलेल्या व्यासपीठावरून आलेली ही मागणी राण्यांपेक्षा मोलकरणींच्या अधिक उपयोगाची होती.

१९३५ च्या कायद्याने ती मान्य केली नाही. साक्षर स्त्रिया आणि मालमत्ताधारकांच्या पत्नी यांना मत मिळून स्त्री-मतदारांची संख्या सुमारे ६० लाखांवर गेली. सरसकट मताधिकार आला तो १९५० च्या राज्यघटनेने. तरीही १९५१-५२ च्या पहिल्या निवडणुकीत सुमारे २८ लाख स्त्रियांची नावे यादीतून वगळावी लागली. अमक्याची पत्नी, तमक्याची आई, याखेरीज स्वतःचे नाव त्यांनी सांगितलेच नाही. चिमणाबाई तेव्हा हयात होत्या; त्यांचे निधन १९५८ मध्ये झाले. देवासच्या घाटगे घराण्यातील त्यांचे माहेरचे नाव होते गजराबाई. ‘चिमणाबाई’ हे नाव सयाजीरावांच्या पहिल्या, दिवंगत पत्नीचे. विवाहानंतर तेच यांनाही देण्यात आले.