छावणीबाहेरचे आरोग्य

कोसीचा पूर संसदेत पोहोचतो तो क्युसेक आणि कोटींच्या भाषेत. जुलै २०२४च्या अर्थसंकल्पात बिहारमधील पूरनियंत्रणाच्या सुमारे ११,५०० कोटी रुपयांच्या योजनांना साह्य जाहीर झाले. त्याच सप्टेंबरात बीरपूरच्या बॅरेजमधून ६.६१ लाख क्युसेक पाणी सोडावे लागले. या आकड्यांत एक प्रश्न हरवतो : पाणी ओसरेपर्यंत माणसे आजारी पडू नयेत, याची काळजी कोण वाहते?

उत्तर साधे आहे. ती कुटुंबेच वाहतात. सुपौल-सहरसा भागात कोसीच्या दोन बांधांमध्ये लाखो लोक राहतात. बांध फुटला तर बाहेरचेही सुरक्षित नाहीत, हे २००८ साली कुसहाने दाखवले. पावसाळ्यापूर्वी हातपंपाचा ओटा उंच करायचा, चिवडा-सत्तू मचाणावर ठेवायचा. पंप बुडालाच तर प्लास्टिकच्या कापडावर पावसाचे पाणी धरायचे. जुलाब सुरू झाले की मीठ-साखरेचे पाणी द्यायचे. शौचाला कोरडी जागा उरत नाही, म्हणून बायका पाणी पिणेच कमी करतात. म्हणजे घर सावरताना स्वतःच्या आरोग्याची किंमत त्याच मोजतात.

तरीही कोणी आजारी पडलेच, तर शेळी विकली जाते किंवा सावकार गाठला जातो. आयुष्मान भारत योजनेचे ५ लाखांचे संरक्षण रुग्णालयात दाखल झाल्यावर मिळते. नावेचे भाडे आणि गावातल्या वैदूचे औषध त्यात बसत नाही. दिल्ली-पंजाबात राबणाऱ्या मुलाने धाडलेले पैसे हाच या घरांचा खरा विमा.

कायद्याची नजरही याच ठिकाणी अपुरी पडते. २००५च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याच्या बाराव्या कलमाने निवारा, अन्न, पिण्याचे पाणी, वैद्यकीय मदत व स्वच्छता यांचे किमान निकष योजले, ते मदत छावण्यांसाठी. गुरे आणि धान्य सोडून छावणीत न जाणारे, छपरावर किंवा बांधावर दिवस काढणारे कुटुंब त्या निकषांबाहेर राहिले. २०२५च्या दुरुस्तीने राज्यांच्या राजधान्या व महापालिकांच्या शहरांसाठी स्वतंत्र प्राधिकरणाची तरतूद केली. बांधाआडच्या खेड्याला असे काही लाभले नाही.

किमान निकष छावणीला नव्हे, कुटुंबाला लागू व्हावेत, ही मागणी खर्चिक नाही. उंच हातपंप, क्लोरीनच्या गोळ्या आणि क्षारसंजीवनीची पाकिटे आशा कार्यकर्तीमार्फत पावसाळ्याआधी घरोघरी पोहोचू शकतात. मात्र त्यासाठी सभागृहाला क्युसेकपलीकडे पाहावे लागेल.