पत्ता नसलेल्याने पत्ता कसा मागावा?

नाशिक जिल्ह्यातील निफाड तालुक्यात, मुंबई-आग्रा रस्त्यावर पिंपळगाव बसवंत आहे. कांद्याच्या हंगामात तेथील बाजार समितीच्या आवारात ट्रॅक्टरांच्या रांगा लागतात. आलेल्या गाडीची नोंद होते, तिला रांगेत जागा मिळते, लिलाव होतो. मग माल वजनकाट्यावरून व्यापाऱ्याच्या खळ्यावर जातो आणि ती जागा पुढच्या गाडीसाठी मोकळी होते. जागा कोणाच्या मालकीची नसते. काम होईपर्यंतच ती आपली. हा व्यवहार ध्यानात ठेवा.

आता गावातल्या एखाद्या शाळेच्या संगणक-कक्षात जाऊ या. समजा, तेथे वीस संगणक तारांनी जोडलेले आहेत. निरोपांची देवघेव करायची तर प्रत्येकाला निराळा आयपी पत्ता हवा. हा पत्ता म्हणजे ० ते २५५ यांमधील चार संख्या, जसे १९२.१६८.१.२३. असे पत्ते हाताने भरता येतात; पण एकच पत्ता चुकून दोघांना दिला की दोघांचेही निरोप भरकटतात. शिवाय जाळ्याची हद्द कोठवर, बाहेर जाण्याचे दार कोणते, संकेतस्थळांच्या नावांवरून त्यांचे पत्ते कोण सांगेल, हेही प्रत्येकाला सांगावे लागते. वीस यंत्रांना चार-चार गोष्टी! म्हणून हे काम यंत्रांवरच सोपवतात. त्या रीतीचे नाव डीएचसीपी.

येथे एक मौज आहे. ट्रॅक्टरवाल्याला फाटकावरचा कारकून दिसतो. नुकत्याच सुरू झालेल्या संगणकाला मात्र पत्ते वाटणारा कोठे आहे हे ठाऊक नसते, आणि त्याला स्वतःचाही पत्ता नसतो. मग त्याला उत्तर तरी कोठे धाडायचे?

युक्ती अशी. संगणक स्वतःच्या पत्त्याच्या जागी ०.०.०.० लिहितो आणि २५५.२५५.२५५.२५५ या पत्त्यावर, म्हणजे जाळ्यातील सर्वांना ऐकू जाईल अशी, हाक मारतो : "मला पत्ता हवा आहे." सोबत आपल्या जोडणी-कार्डाचा ४८ बिटांचा क्रमांक देतो, त्या खुणेवरून तो ओळखला जातो. पत्ते वाटणारा सर्व्हर एक मोकळा पत्ता पुढे करतो. संगणक पुन्हा सर्वांना ऐकवतो, "अमक्याने देऊ केलेला पत्ता मी घेतो." दुसऱ्यांदा ओरडायचे कारण काय? जाळ्यात दोन सर्व्हर असले, तर ज्याचा पत्ता घेतला नाही त्यालाही ते कळावे व त्याने राखून ठेवलेला पत्ता मोकळा व्हावा. शेवटी सर्व्हर होकार देतो.

१९८५ सालच्या बूटपी या आधीच्या रीतीत कोणाला कोणता पत्ता द्यायचा याचा तक्ता माणसाने भरून ठेवावा लागे. रॅल्फ ड्रॉम्स यांनी लिहिलेले डीएचसीपीचे नियम ऑक्टोबर १९९३ मध्ये प्रसिद्ध झाले व मार्च १९९७ मध्ये सुधारले गेले. त्यांतील खरी शहाणपणाची गोष्ट म्हणजे मुदत. पत्ता कायमचा मिळत नाही. मुदत ८ तासांची असेल, तर ४ तासांनी संगणक त्याच सर्व्हरकडे ती वाढवून मागतो. उत्तर आले नाही, तर ७ तासांनी पुन्हा सर्वांना हाक मारतो. संगणक बंद पडला, तर मुदत संपताच पत्ता दुसऱ्याला देता येतो. रांगेतील जागेसारखेच हे!

हे तुम्हांला पाहता येईल, मात्र शिक्षकांना विचारून. विंडोजच्या संगणकावर आज्ञा देण्याची काळी खिडकी उघडा आणि 'आयपीकॉन्फिग' ही आज्ञा रोमन अक्षरांत टंकित करा. आपला पत्ता दिसेल. याच आज्ञेपुढे जागा सोडून, तिरकी रेघ देऊन 'रिलीज' लिहिले की पत्ता परत जातो व इंटरनेट थांबते. 'रिन्यू' लिहिले की नवी मागणी होते. लिनक्सवर हे काम पुष्कळ वर्षे 'डीएचक्लायंट' ही आज्ञा करीत आली. गंमत म्हणजे बहुधा पूर्वीचाच पत्ता परत मिळतो. सर्व्हर जुनी नोंद जपतो आणि तो पत्ता मोकळा असेल तर तोच देतो.

पत्ता १६९.२५४ ने सुरू झालेला दिसला, तर हाकेला कोणीच ओ दिली नाही असे समजा. तो पत्ता संगणकाने स्वतःच निवडलेला असतो. आधी तार नीट बसली आहे का ते पाहा. याउलट, कोणी घरचा राउटर आणून त्याच जाळ्यात जोडला, तर पत्ते वाटणारे दोन होतात आणि काही संगणकांना बाहेरचे चुकीचे दार दाखवले जाते. अशा वेळी दोन संगणकांवर 'आयपीकॉन्फिग'पुढे तिरकी रेघ व 'ऑल' लिहा आणि डीएचसीपी सर्व्हरच्या ओळीतील पत्ते ताडून पाहा. ते निराळे निघाले, तर आगंतुक राउटर शोधायला लागा.