खिडकीमागची विद्या

परळच्या भोईवाड्यातल्या आमच्या दोन खोल्यांत गेला महिनाभर मुलाखतीची तयारी चालली होती. मुलाखत लेकीची, जागरण सगळ्यांचं. मार्चमध्ये तिची संगणक कंपनीतली नोकरी गेली. त्यानंतर एका ठिकाणी सगळ्या फेऱ्या पार करून ती 'सिस्टीम डिझाइन'च्या फेरीत अडली. या फेरीत प्रोग्राम लिहायचा नसतो. लाखो लोक वापरतील अशी अमुक यंत्रणा कशी उभाराल, एवढाच प्रश्न आणि हातात पाऊण तास. तिला आलं रेल्वेचं आरक्षण. बाईसाहेबांनी पाठ केलेल्या चौकटी भराभर काढल्या. समोरचा म्हणाला, "माणसं किती येणार, हे तुम्ही विचारलंच नाही!"

मला हसावं की रडावं कळेना. १९८३ साली मी रेल्वेत आरक्षण कारकून म्हणून लागलो. हयात खिडकीमागे गेली, आणि पोरीने मला एका शब्दाने विचारलं नव्हतं!

मग रोज रात्री जेवणं आटोपली की मी परीक्षक व्हायचो. "गणपतीला कोकणात जाणाऱ्या गाडीचं आरक्षण साठ दिवस आधी, सकाळी आठला उघडतं. समज, पहिल्या मिनिटात दहा लाख माणसं आली." तिने हिशेब केला : सेकंदाला साडेसोळा हजारांच्या वर. "त्यात तिकीट काढणारे किती आणि नुसते बघणारे किती?" ती गप्प. आमच्याकडे चौकशीची खिडकी वेगळी असे, तिकिटाची वेगळी. चौकशीचा आकडा दोन मिनिटं शिळा असला तरी भागतं. त्याची नक्कल हाताशी ठेवावी. हिच्या भाषेत ती 'कॅश', पैशांशी संबंध नाही! तिकिटाला मात्र शिळं चालत नाही. एक बर्थ दोघांना दिला की गाडीत मारामारी ठरलेली.

संगणकाआधी प्रत्येक गाडीची तारखेवार वही असे. वही एका कारकुनाकडे, म्हणून त्या गाडीची रांगही त्याच्याच खिडकीवर. घोटाळा टळे, पण रांग रस्त्यापर्यंत जाई. १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात संगणक आले आणि कुठल्याही खिडकीवर कुठलीही गाडी मिळू लागली. १९९९मध्ये दिल्ली, मुंबई, कोलकाता, चेन्नई आणि सिकंदराबाद ही पाच केंद्रं एकमेकांना जोडली गेली. ज्याच्या गाड्या त्याने सांभाळायच्या, इतरांनी त्याला विचारायचं.

"बाबा, हे तर शार्डिंग!" ती ओरडली. म्हणजे माहितीचे वाटे घालणं. कोळणीच्या पाटीवरचे वाटे मला ठाऊक; हे नाव नवीन.

"आणि जोडणीच तुटली तर?"

"तुम्ही काय करायचात?"

"'लिंक फेल'ची पाटी लावायची, शिव्या खायच्या. पण अंदाजाने तिकीट द्यायचं नाही."

तिने ते वहीत लिहून घेतलं. मग म्हणाली, "पण बाबा, चौकशीची खिडकी तरी उघडी ठेवता आली असती. जुना आकडा आहे एवढं सांगून." अडतीस वर्षांत हे मला सुचलं नव्हतं.

परवा गुरुवारी दुसऱ्या एका कंपनीची मुलाखत घरूनच, पडद्यावर झाली. ही आणि मी गॅलरीत. कुकरची शिट्टी नको म्हणून भातसुद्धा लावला नव्हता. दाराआडून तिचा पहिला प्रश्न ऐकू आला, "आधी सांगा, माणसं किती येतील?"

पाऊण तासाची मुलाखत सव्वा तास चालली. निकाल यायचा आहे. त्या दिवशी जेवायला तीन वाजले.