हातमोजे न घातलेला कामगार आणि एका बाप-लेकीची गोष्ट

शिकून मोठी झालेली लेक बापाला परकी का वाटू लागते? ती फोन उचलत नाही, उचललाच तर कामात आहे म्हणते, सणाला घरी आली तरी कानाला मोबाईल असतो. ज्या बापाने पोटाला चिमटा काढून तिला शिकवले, तो मग चारचौघांत म्हणतो, ‘पोरगी साहेब झाली, समाजाला विसरली.’ आपल्या चळवळीतल्या किती घरांत हे वाक्य ऐकू येते, हे वाचकांना वेगळे सांगायला नको. पण हे वाक्य जितके सोपे तितकेच अपुरे आहे. ते का अपुरे, हे समजून घ्यायचे असेल तर आपल्याशी वरवर काहीच संबंध नसलेला एक जर्मन चित्रपट जरूर पाहावा. त्याचे नाव ‘टोनी एर्डमान’.

मारेन आडे या दिग्दर्शिकेचा हा चित्रपट २०१६ साली कान महोत्सवाच्या मुख्य स्पर्धेत होता. तिथे त्याला समीक्षकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचा पुरस्कार मिळाला, पुढच्या वर्षी ऑस्करचे नामांकनही मिळाले. लांबी तब्बल १६२ मिनिटे. बापाची भूमिका पीटर सिमोनिशेक या ऑस्ट्रियन नटाची. हा थोर नट २०२३ साली वारला. लेकीच्या भूमिकेत सान्ड्रा ह्यूलर आहे.

गोष्ट साधी आहे. विनफ्रीड हा संगीताचा शिक्षक. घटस्फोटित, वय झालेला, सोबतीला एक म्हातारा कुत्रा. थट्टामस्करी हाच याचा स्वभाव. पुढे आलेल्या दातांची कवळी खिशात ठेवायची, कुणी समोर आले की ती तोंडात घालून भलतेच सोंग आणायचे. लेक इनेस रोमानियाची राजधानी बुखारेस्ट इथे एका सल्लागार कंपनीत मोठ्या हुद्द्यावर आहे. कुत्रा मरतो आणि बाप न कळवता थेट लेकीच्या ऑफिसात जाऊन बसतो. तिला धड वेळ देता येत नाही. भेट फसते. निघायच्या आधी तो तिला विचारतो, तू माणूस तरी आहेस का? बाप निघून जातो. निदान लेकीला तसे वाटते. मग तोच बाप केसांचा टोप आणि कवळी लावून, ‘टोनी एर्डमान’ नावाचा कुणी सल्लागार असल्याची बतावणी करत तिच्या कामाच्या जागी, मित्रमैत्रिणींत, पार्ट्यांत जिथे तिथे उगवू लागतो.

इथवर हा विनोदी चित्रपट वाटेल. प्रस्थापित समीक्षकांनी त्यातला विनोद आणि शेवटी बाप-लेकीने एकमेकांना मारलेली मिठी, यांवरच रकानेच्या रकाने लिहिले. आम्हाला मात्र त्यातल्या तिसऱ्या माणसाविषयी बोलायचे आहे, कारण चित्रपटाचा खरा जीव त्याच्यात आहे.

आधी इनेसचे काम काय ते पाहू. एका तेल कंपनीला कामगार कमी करून ती कामे बाहेरच्या ठेकेदारांकडे सोपवायची आहेत. यालाच आऊटसोर्सिंग म्हणतात. कंपनीच्या साहेबांना हे करायचे तर आहे, पण त्याचा ठपका स्वतःवर घ्यायचा नाही. म्हणून सल्लागार बोलवायचा. तो आकडेमोड करून तक्ते मांडणार आणि साहेबांच्या मनातलेच त्यांना सुचवणार. उद्या कुणी विचारले तर सांगता येते, तज्ज्ञांचा सल्लाच तसा होता. नोकरी जाते कामगाराची, नफा होतो मालकाचा, आणि वाईटपणा घेण्याचा पगार मिळतो इनेसला. हे कथानक हवेतले नाही. १९८९ साली चाउशेस्कूची सत्ता कोसळल्यावर रोमानियात खासगीकरण आले, तिथली सरकारी तेल कंपनी २००४ साली ऑस्ट्रियाच्या कंपनीकडे गेली, २००७ साली देश युरोपीय संघात दाखल झाला. त्याच काळात आपल्याकडेही निर्गुंतवणूक आणि कंत्राटीकरण सुरू होते. सरकारी नोकरी गेली की राखीव जागाही गेली, हे आपल्याला कुणी शिकवावे लागत नाही.

आता तो प्रसंग. इनेस बापाला घेऊन तेलविहिरीच्या जागी जाते. तिथला एक कामगार हातमोजे न घालता काम करत असतो. टोनी झालेला बाप नेहमीच्या सवयीने त्यावर काहीतरी थट्टा करतो. सोबतच्या रोमानियन अधिकाऱ्याला वाटते, हा जर्मनीहून आलेला कुणी बडा माणूस सुरक्षेच्या नियमावर बोट ठेवतो आहे. तो त्या कामगाराला तिथल्या तिथे कामावरून काढून टाकतो. बाप हादरतो. गयावया करतो, मी गंमत करत होतो म्हणतो. कोण ऐकणार? लेकीकडे वळतो, तर ती थंडपणे सांगते, त्याने जितके काढले तितके मला कमी काढावे लागतील.

हा प्रसंग कुणाच्या बाजूचा आहे? लेकीच्या नाहीच. पण बापाच्याही नाही. आजवर आपण म्हणत होतो, बाप माणुसकीचा आणि लेक यंत्र झालेली. एका क्षणात दिग्दर्शिका दाखवते की ज्याच्या हातात सत्ता आहे असे समोरच्याला वाटते, त्याची थट्टासुद्धा निरुपद्रवी नसते. साहेब हसला तरी गरिबाच्या पोटावर पाय पडू शकतो. बापाचे मन चांगले आहे, पण त्या चांगुलपणाची किंमत त्याने मोजली नाही. ती मोजली हातमोजे न घातलेल्या त्या माणसाने.

गाडीत बसल्यावर लेक बापाला सुनावते, की तुझ्या प्रत्येक पावलामागचे आर्थिक हिशेब मी तुला मांडून दाखवू शकते. तिचे म्हणणे कडू आहे, पण खोटे नाही. ज्या समृद्ध देशात बसून बाप माणुसकीच्या गोष्टी करतो, त्या देशाची गाडी याच तेलावर चालते. त्याचे निवांत आयुष्य आणि तिची धावपळ या एकाच व्यवस्थेच्या दोन बाजू आहेत.

लगेच पुढे बापाला शौचाला जावे लागते आणि शेजारच्या एका गरीब घरातला माणूस त्याला आपल्या घरी नेतो. तो काही मागत नाही, उलट निघताना सफरचंदे देतो. बाप त्याला विनोदबुद्धी जपा असे काहीतरी सांगतो आणि स्वतःच ओशाळतो. ज्याची नोकरी आज नाही तर उद्या जाणार, त्याला विनोदबुद्धी जपायला सांगणे किती पोकळ आहे, हे त्याच्या चेहऱ्यावर दिसते.

बाबासाहेबांनी १९३८ साली मनमाडच्या रेल्वे कामगार परिषदेत ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू सांगितले होते. पुढे १८ मार्च १९५६ रोजी आग्र्याच्या सभेत त्यांनी शिकलेल्या लोकांविषयी जाहीर खंत व्यक्त केली. ही दुसरी गोष्ट आपल्याला पाठ आहे. आपले कार्यकर्ते ती प्रत्येक शिकलेल्या मुलाच्या तोंडावर मारतात. पहिली मात्र आपण सोयीस्कर विसरतो. आपल्या लेकी ज्या कंपन्यांत जातात त्या कशा चालतात, तिथे माणसे कशी कमी केली जातात, तिथल्या मीटिंगमध्ये आपल्या मुलीला एकटीने काय काय गिळावे लागते, याची आपण कधी चौकशी केली? इनेसच्या ऑफिसातले पुरुष सहकारी तिच्याशी कसे वागतात ते चित्रपटात पाहा. साहेबाच्या बायकोला खरेदीला नेण्याचे काम एवढ्या हुद्द्याच्या बाईवर येते. तीच गोष्ट आपल्या मुलीच्या वाट्याला आडनावासह येते. ती घरी येऊन बोलत नाही याचा अर्थ ती विसरली असाच होतो का?

टोनीच्या सोंगाचा अर्थ आम्ही असा लावतो. तो लेकीला दुरून उपदेश करणे थांबवतो आणि तिच्या जगात शिरतो. वेड्यासारखा, चुका करत, तिला लाज आणत, पण शिरतो. म्हणूनच त्याला तो कामगार दिसतो. घरी बसून त्याला तो कधीच दिसला नसता. आणि लेकीलाही बापाच्या नजरेतून आपले काम पहिल्यांदा दिसते.

शेवट गोड नाही. पार्टीनंतर बागेत केसाळ सोंगातल्या बापाला लेक मिठी मारते खरी. पण पुढे आजीच्या अंत्यविधीला ती घरी येते तेव्हा कळते, तिने बुखारेस्ट सोडले आणि आता ती सिंगापूरला तसल्याच दुसऱ्या मोठ्या कंपनीत चालली आहे. नोकरी बदलली, काम तेच. बाप तिला सांगतो की आयुष्य कामे उरकण्यात निघून जाते आणि मोलाचे क्षण मागाहून कळतात. ती आजीची टोपी डोक्यावर घालते, बापाची कवळी तोंडात घालते. फोटो काढायला बाप कॅमेरा आणायला आत जातो. ती एकटी उभी राहते, कवळी काढते, वाट पाहते. चित्रपट तिथेच संपतो.

बाप-लेकीचे तुटलेले थोडेफार जुळले. पण कामावरून काढलेल्या त्या माणसाचे काय झाले, हे चित्रपट सांगत नाही. दोघांपैकी कुणी त्याच्या घरी गेले नाही. आमच्या मते दिग्दर्शिकेचा सर्वांत मोठा प्रामाणिकपणा हाच आहे. मिठी मारल्याने न्याय होत नाही, हे तिला माहीत आहे.

तेव्हा चळवळीतल्या बापांना सांगणे एवढेच, की लेकीला समाज विसरलीस म्हणण्याआधी एकदा तिच्या शेजारी जाऊन बसा, तिचे काम समजून घ्या. आणि लेकींना सांगणे असे, की तुमच्या समोरच्या तक्त्यात जो एक आकडा कमी होतो, तो कुणाचा तरी बाप असतो. काल तो आपलाच होता.