संगणकाची मुख्य पाटी बदलताना

संगणक ही वस्तू आता कचेऱ्यांपुरती राहिलेली नाही. भोपाळच्या अशोका गार्डनमधील मराठी बिऱ्हाड असो वा वसईकडील एखाद्या वाडीतले घर असो, मुलांचा अभ्यास, लग्नातील छायाचित्रे, बाप्तिस्म्याचे दाखले, जमिनीच्या उताऱ्यांच्या प्रती हे सारे त्या एका पेटीत साठविलेले असते. पेटी बिघडते, मदरबोर्ड म्हणजे सर्व भागांना जोडणारी मुख्य पाटी व तिच्यासह प्रोसेसरही बदलावा लागतो, आणि दुरुस्ती करणारा सहज सांगतो की, विंडोज नव्याने घालावे लागेल. या वाक्याचा अर्थ घरधन्याने नीट समजून घ्यावा. कारण नवे घालण्याच्या नादात पुष्कळदा जुने पुसले जाते.

आपली कागदपत्रे मदरबोर्डात नसतात, तर डिस्कमध्ये असतात. बोर्ड जळाला तरी डिस्क बहुधा शाबूत असते. (काही लॅपटॉपांत मात्र ती बोर्डालाच जडविलेली असते.) तेव्हा पहिले काम हेच की, डिस्क काढून दुसऱ्या संगणकास जोडावी व सर्व साठ्याची प्रत करून घ्यावी. प्रत हाती आल्यावाचून डिस्क पुसू देऊ नये.

मग ऑपरेटिंग सिस्टिम नव्याने कशासाठी? ती जुन्या बोर्डाशी जुळवून बसविलेली असते. विंडोज ७ च्या काळी बोर्ड बदलताच पुष्कळदा निळा पडदा येऊन सारे थांबत असे. विंडोज १० व ११ बहुधा नवे भाग स्वतःच ओळखून सुरू होतात. तरीही जुन्या बोर्डाचे ड्रायव्हर मागे राहतात व काही वेळा अडथळे आणतात. म्हणूनच जाणकार नव्याने घालण्याचा सल्ला देतात.

दुसरी गोष्ट कुलपाची. अलीकडच्या अनेक यंत्रांत डिस्क बिटलॉकरने कुलूपबंद असते आणि मालकास त्याचा पत्ताही नसतो. ते कुलूप जुन्या बोर्डाशी वा प्रोसेसरशी बांधलेले असल्याने, हे भाग बदलताच यंत्र ४८ अंकांची किल्ली मागते. ती बहुधा मालकाच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात असते. ती मिळाली नाही, तर डिस्क धडधाकट असूनही आतील काही हाती लागत नाही. यंत्र चालू आहे तोवरच ती कागदावर लिहून ठेवावी.

तिसरी गोष्ट परवान्याची. यंत्राबरोबर आलेला परवाना त्या बोर्डापुरताच असतो. स्वतंत्र विकत घेतलेला नव्या बोर्डावर नेता येतो. २०१६ पासून तो मायक्रोसॉफ्ट खात्याशी जोडता येतो. ही जोडणी बोर्ड बदलण्यापूर्वी करावी, म्हणजे पुढे हक्क सांगणे सोपे जाते.

एवढे झाले की प्रत्यक्ष काम अवघड नाही. दुसऱ्या संगणकावर किमान ८ जीबीचा पेनड्राइव्ह तयार करावा. त्यातील मजकूर पुसला जातो, म्हणून तो रिकामा असावा. साठ्याच्या इतर डिस्का काढून ठेवाव्यात. नेटवर्कचा ड्रायव्हर आधीच उतरवून ठेवावा; नाहीतर नव्या यंत्रास इंटरनेट मिळत नाही आणि पुढील ड्रायव्हर आणता येत नाहीत.

कोणती प्रणाली घालावी, हाही प्रश्न आहे. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० लागते आणि इंटेलचा प्रोसेसर असल्यास तो साधारणतः आठव्या पिढीचा वा त्यापुढील लागतो. बोर्ड विकत घेतानाच हे विचारावे. ज्यांस परवान्याचा खर्च झेपत नाही, त्यांस लिनक्स विनामूल्य मिळते. सी-डॅकने सिद्ध केलेली बॉस ही त्यातीलच भारतीय प्रणाली होय. लिनक्समध्ये बहुतेक ड्रायव्हर मुळातच असल्याने, बोर्ड बदलूनही ती पुष्कळदा पुन्हा घालावी लागत नाही.

बोर्ड बाजारात पुन्हा मिळतो, प्रोसेसरही मिळतो. दिवंगत आईवडिलांचे एकुलते छायाचित्र मात्र कोणत्याही दुकानात मिळत नाही. यास्तव पेटी दुकानात नेण्यापूर्वी साठ्याची प्रत, कुलपाची किल्ली आणि परवाना, या तिन्हींची तजवीज प्रत्येक कुटुंबाने अवश्य करावी.