उभ्या गाडीचें इंजीन

छत्रपती संभाजीनगरांत, म्हणजे जुन्या औरंगाबाद शहरांत, सकाळच्या वेळीं एखाद्या गल्लीच्या तोंडाशीं मोठ्या टाकीची मोटारगाडी उभी असलेली दिसते. जाड काळी नळी रस्त्यावरून जाऊन उघड्या झाकणाच्या आंत उतरलेली असते, आणि गाडी जागची हलत नसतांहि तिचें इंजीन मोठ्यानें गरजत असतें. येणारेजाणारे नाकाला रुमाल लावून निघून जातात. मैला उपसणारी आणि तुंबलेल्या नळांत पाण्याचा झोत सोडून ते मोकळे करणारी अशी ही गाडी आहे. तिच्यापाशीं थांबून पाहावें असें कोणास वाटत नाहीं, हें स्वाभाविकच होय. परंतु तें इंजीन चालत राहतें कीं बंद पडतें यावर पुष्कळदां एका माणसाचा जीव अवलंबून असतो. म्हणून त्याची प्रकृति कशी राखतात हें सुशिक्षित घरांतून माहीत असणें इष्ट आहे.

सन २०१३ च्या कायद्यानें माणसास संरक्षक साधनांवांचून गटारांत किंवा मैल्याच्या टाकींत उतरविण्यास बंदी केली आहे. पहिल्याच अपराधास २ वर्षांपर्यंत कैद, किंवा २ लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा त्यांत सांगितली आहे. गटारांत मेलेल्या माणसाच्या कुटुंबास १० लाख रुपये द्यावेत असें सर्वोच्च न्यायालयानें २०१४ सालीं ठरविलें व २०२३ सालीं ती रक्कम ३० लाखांवर नेली. कायदा इतका स्पष्ट असूनहि माणसें उतरतात. उतरविण्याचा मोह सर्वांत बळावतो तो कोणत्या वेळीं? झाकण उघडलेलें आहे, घाण रस्त्यावर आली आहे, गल्लींतले लोक ओरडत आहेत, आणि गाडीचें इंजीन अर्ध्यावरच थांबलें आहे, अशा वेळीं. मग कोणीतरी म्हणतो, "दोन मिनिटांचें काम आहे, उतर." कुजलेल्या मैल्यांतून निघणारा हायड्रोजन सल्फाइड वायु हवेहून जड असतो, म्हणून तो तळाशीं साचून राहतो. थोडा असतांना त्याला सडलेल्या अंड्याचा वास येतो. फार झाला म्हणजे वासाची जाणीवच नाहींशी होते. वास येईनासा झाला म्हणून वायु गेला असें समजणारा मनुष्य त्या दोन मिनिटांतच फसतो.

या गाडीवर दोन कामें होतात. एक ओढण्याचें व दुसरें ढकलण्याचें. ओढण्यासाठीं हवा उपसणारा पंप असतो. तो टाकींतील हवा काढून घेतो, टाकी रिकामी होऊं पाहते, आणि बाहेरील हवेचा दाब मैल्यास नळींतून वर ढकलतो. तेव्हां खरें पाहतां पंप मैला ओढीत नाहीं. आकाशांतील हवाच तो वर चढविते. शहर समुद्रसपाटीहून सुमारें ५७० मीटर उंच असल्यामुळें येथें हवेचा दाब मुंबईपेक्षां किंचित् कमी आहे, आणि पंप कितीहि उत्तम असला तरी पाण्याचा अखंड स्तंभ साडेनऊ मीटरांच्या फारसा वर चढत नाहीं. ढकलण्यासाठीं पाण्याचा वेगळा पंप असतो. तो पाण्यावर १०० बार किंवा त्याहूनहि अधिक दाब देतो. १०० बार म्हणजे १००० मीटर उंच पाण्याच्या स्तंभाच्या तळाशीं जितका दाब असेल तितका. हें पाणी नळीच्या टोंकाशीं असलेल्या तोटींतून बहुतेक मागच्या बाजूस सुटतें, आणि त्याच्या प्रतिक्रियेनें नळी आपोआप गटारांत पुढें सरकते.

दोन्ही पंपांना शक्ति पुरविणारें इंजीन कधीं गाडीचेंच असतें, कधीं गाडीच्या पाठीवर बसविलेलें स्वतंत्र डिझेल इंजीन असतें. बावन्न दरवाजांच्या या शहरांत जुन्या कमानींतून मोठी गाडी जाऊं शकत नाहीं; तेथें लहान गाडीवर असें स्वतंत्र इंजीन बसविलेलें सोयीचें पडतें. अमेरिकेंत घरोघरचे गालिचे धुणाऱ्या गाड्यांवर अगदीं हीच जोडणी असते: एक इंजीन, हवा ओढणारें एक यंत्र, पाण्याचा एक पंप. तेथें इंजिनाची उष्णता वाया न दवडतां तिच्यावरच धुण्याचें पाणी तापवितात. आपल्याकडे गालिच्यांपेक्षां गटारांची निकड मोठी, एवढाच काय तो भेद.

चालत्या गाडीच्या इंजिनापेक्षां उभ्या गाडीच्या इंजिनाचें आयुष्य कष्टाचें असतें. रस्त्यानें धांवणाऱ्या गाडीस समोरून वारा लागतो व रेडिएटर थंड राहतो. उभ्या गाडीस वारा नाहीं. जो काय आधार तो पंख्याचा. वैशाखांत येथें पारा ४० अंशांच्या वर जातो, आणि त्याच उन्हांत इंजिनास तासन् तास पूर्ण भार घेऊन उभें राहावें लागतें. दुसरी गोष्ट हिशेबाची. गाडी दिवसांतून १५ किलोमीटर हिंडली आणि ६ तास उभी राहून चालली, तर महिन्याच्या २५ दिवसांत मीटरवर पावणेचारशें किलोमीटर दिसतात. पण इंजीन १५० तास राबलेलें असतें. किलोमीटर पाहून तेल बदलणारा मालक म्हणूनच नाडला जातो. अशा इंजिनाचें वय तासांनींच मोजलें पाहिजे. त्याकरितां तास दाखविणारें घड्याळ गाडीवर बसविलेलें असतें, आणि तें बंद पडलें असल्यास इतर कोणत्याहि दुरुस्तीच्या आधीं तें दुरुस्त करणें शहाणपणाचें. अनेक इंजिनांना सुमारें २५० तासांनीं तेल बदलावें लागतें. नेमका आंकडा त्या त्या इंजिनाच्या पुस्तकांत असतो, व धुळीच्या कामांत तो पुष्कळ खालीं आणावा लागतो.

काम अडलें म्हणजे पहिला प्रश्न हा कीं, दोष इंजिनांत आहे कीं तें ज्यास फिरवितें त्यांत? हा प्रश्न न विचारतांच पाने घेऊन बसणारे मिस्त्री थोडे नाहींत. पंपांचा भार सोडून इंजीन मोकळें चालवावें. मोकळें असतां तें निर्वेध चालत असेल, भार दिल्यावरहि त्याचा आवाज व वेग टिकत असेल आणि तरी नळी ओढीत नसेल, तर इंजिनास हात लावण्याचें कारण नाहीं. टाकीच्या मागील दाराचें रबर फाटलेलें असेल, पट्टा सैल झाला असेल, किंवा हवेच्या पंपांतील पाती झिजलीं असतील. टाकी फार भरून मैला थेट पंपांत शिरूं नये म्हणून मध्यें एक तरंगता गोळा ठेवलेला असतो. तो अडकला म्हणजे दोन्ही प्रकारें घात होतो: वर अडकला तर ओढ थांबते, खालीं अडकला तर मैला पंपांत जातो व पात्यांचा नाश होतो. पाण्याच्या पंपाचें तसेंच. त्याच्या तोंडाशीं असलेली जाळी वाळूनें भरली कीं पंप कोरडा चालतो, आणि त्याचे रबरी पट्टे थोड्याच वेळांत जळून जातात.

इंजीन मोकळें असतां चांगलें आणि भार पडतांच दबत असेल, तर त्याला खायला कमी पडत आहे असें समजावें. डिझेल इंजिनास दोनच गोष्टी लागतात, हवा व तेल. रुडॉल्फ डिझेल या जर्मन इंजिनियरानें १८९७ सालीं आउग्सबुर्ग येथें जें इंजीन यशस्वी करून दाखविलें त्याचें तत्त्व असें कीं, हवा पुरेशी दाबली म्हणजे ती इतकी तापते कीं तींत सोडलेलें तेल ठिणगीवांचून पेट घेतें. आजच्या इंजिनांत ही हवा मूळच्या आकारमानाच्या सोळाव्या ते विसाव्या हिश्शांत कोंबली जाते व तिचें उष्णतामान ५०० अंशांच्या वर जातें. तेव्हां हवा कमी पडली, तेल कमी पडलें, किंवा हवा दाबली गेली नाहीं, या तिहींपैकीं एक कारण असलेंच पाहिजे.

या बाबतींत धूर हा मोठा प्रामाणिक साक्षीदार आहे. काळा धूर म्हणजे तेलाच्या मानानें हवा कमी; बहुधा हवेची गाळणी धुळीनें बुजलेली असते. निळसर धूर म्हणजे वंगणाचें तेल जळत आहे. कड्या झिजल्या असतील किंवा तेल गरजेपेक्षां जास्त ओतलें असेल. पांढरा धूर थंड इंजीन सुरू करतांना क्षणभर दिसला तर चिंता नको. पण इंजीन तापल्यावरहि तो राहिला तर डिझेल न जळतां बाहेर जात आहे, किंवा थंडाव्याचें पाणी आंत झिरपत आहे. तेल पाहण्याची पट्टीहि अशीच बोलकी असते. डिझेल इंजिनाचें तेल काळें असणें हा दोष नव्हे. तें दुधाळ दिसलें तर त्यांत पाणी आहे. आणि तेलाची पातळी उतरण्याऐवजीं चढूं लागली, तर घरांत पैसा न मिळवितां खर्च वाढावा तसा तो प्रकार. डिझेल किंवा पाणी तेलांत मिसळत आहे, व इंजीन ताबडतोब थांबविलें पाहिजे.

धूर मुळींच न येतां इंजीन नुसतेंच फिरत राहतें व सुरू होत नाहीं, तेव्हां तेल आंत पोंचत नाहीं. टाकी एकदां रिकामी झाली किंवा गाळणी बदलली कीं तेलाच्या नळींत हवा शिरते. नळींत कोंडलेली हवा वाहत्या द्रवास अडवून धरते, हें आपल्याकडील जुन्या कारागिरांस चांगलें ठाऊक होतें. पेशवाईंत कात्रजहून पुण्यास पाणी आणणाऱ्या नळावर ठिकठिकाणीं 'उसासे' बांधले होते; कोंडलेली हवा तेथून बाहेर पडे. डिझेलच्या गाळणीवरचा लहानसा स्क्रू हा त्या इंजिनाचा उसासा होय. तो सैल करून हातपंपानें तेल चढवावें. आधीं फेंस येतो, मग अखंड धार येते, मग स्क्रू आवळावा. वीस मिनिटांचें काम आहे, पण तें न जाणणारा ड्रायव्हर तेवढ्या वेळांत बॅटरी उतरवून बसतो. तेल अडविणारी विजेची एक लहान कळहि पुष्कळ इंजिनांवर असते. तिची तार तुटली तरी हेंच लक्षण दिसतें.

इंजीन तापणें हा उन्हाळ्यांतील नेहमींचा आजार. पंख्याचा पट्टा व थंडाव्याच्या पाण्याची पातळी पाहिल्यावर रेडिएटरकडे वळावें. त्याच्या बारीक पापुद्र्यांत धूळ, तेलाचा चिकटा आणि उडणारे तंतू बसून वाऱ्याची वाट बंद होते. येथें एक मोह टाळण्यासारखा आहे. गाडीवर १०० बारांचा झोत तयार असतो, आणि त्यानेंच रेडिएटर धुवावा असें कोणाच्याहि मनांत येतें. त्या झोतानें पापुद्रे क्षणांत लोळतात व रेडिएटर कायमचा मुका होतो. साध्या नळाचें पाणी किंवा हलकी हवा, आणि तीहि आंतून बाहेर, एवढें पुरे. आंतल्या बाजूचा शत्रू वेगळा. काळ्या पाषाणांतील विहिरींचें व बोअरचें पाणी बहुधा क्षारयुक्त असतें. तेंच रेडिएटरमध्यें ओतीत गेल्यास चहाच्या किटलीप्रमाणें आंत पांढरा थर धरतो, आणि हा थर धातूच्या मानानें उष्णता फारच थोडी जाऊं देतो. शुद्ध केलेलें पाणी व योग्य तें कूलंट यांचा खर्च नव्या हेडच्या खर्चापुढें कांहींच नाहीं. तापलेल्या रेडिएटरचें झांकण मात्र कोणींहि उघडूं नये. आंतील पाणी दाबाखालीं असतें व तें वाफ होऊन तोंडावर येतें.

याउलट, इंजीन भाराशिवाय तासन् तास मंद चालूं ठेवणें हेंहि हितकारक नाहीं. तें पुरतें तापत नाहीं, डिझेल अर्धवट जळतें, व काजळी नळ्यांत साचते. "बंद केलें तर सुरू होईल कीं नाहीं" या भीतीनें पुष्कळ ड्रायव्हर असें करतात. तेथें औषध बॅटरीला हवें असतें.

सर्वांत वाईट संवय याहून निराळी. तेलाचा दाब उतरला किंवा पाणी फार तापलें तर इंजीन आपोआप थांबावें अशी कळ बहुतेक इंजिनांवर असते. ती वारंवार थांबवूं लागली म्हणजे कोणीतरी तार जोडून तिला मुकी करून टाकतो. काम त्या दिवशीं पुरें होतें. कांहीं दिवसांनीं बेअरिंगें घासून इंजीन कायमचें बसतें, गाडी कारखान्यांत महिनाभर पडते, आणि त्या महिन्यांत गटारें तर तुंबतच राहतात. मग पुन्हां दोर व बादली निघते. नवी गाडी येते तेव्हां तिला हार घालतात, नारळ फोडतात, छायाचित्रें निघतात. गाळणी बदलण्याचा समारंभ कोणी करीत नाहीं, व अंदाजपत्रकांत त्या गाळणीसाठीं पैसे ठेवावयाचें राहून जातें. हा दोष मिस्त्र्याचा नव्हे.

तेलाच्या इंजिनांची विद्या महाराष्ट्रास परकी नाहीं. किर्लोस्करांची इंजिनांची कंपनी १९४६ सालीं पुण्याजवळच्या खडकीस उभी राहिली; योगायोग असा कीं, मलिक अंबरानें १६१० च्या सुमारास वसविलेल्या या शहराचें पहिलें नांवहि खडकीच. विहिरीवरचें इंजीन आवाजावरून ओळखणारे शेतकरी मराठवाड्यांत गांवोगांव होते, आणि त्यांचीच मुलें आज या गाड्यांवर आहेत. त्यांना उणीव असेल तर ती वेळेवर मिळणाऱ्या सुट्या भागांची.

सोसायटीच्या दाराशीं गाडी बोलाविणाऱ्या गृहस्थानें पैसे ठरवितांना दोन गोष्टी विचाराव्या: तासांचें घड्याळ चालतें का, आणि इंजीन मध्यें बंद पडल्यास दुसरी गाडी कोठून येईल. दुसरी गाडी येईपर्यंत झाकण पुन्हां बसवून, भोंवतीं अडसर लावून थांबणें हें घरमालकाचेंहि काम आहे. घाण आणखी एक दिवस राहिली तरी चालेल. आंत कोणासहि उतरूं देऊं नये, आणि आंत कोणी कोसळला असल्यास त्याच्यामागें तसेंच धांवत उतरूं नये, कारण दुसरा मनुष्य बहुधा याच रीतीनें जातो. अग्निशमन दलास बोलवावें.

काम संपल्यावर जाणता ड्रायव्हर लगेच चावी फिरवीत नाहीं. तो पाण्याच्या पंपांतून थोडें स्वच्छ पाणी जाऊं देतो, मैला अडविणारा गोळा धुतो, भार सोडून इंजीन तीन ते पांच मिनिटें मंद चालूं देतो, म्हणजे आंतली उष्णता सारखी उतरते. मग इंजीन थांबवून, घड्याळावर दिसणारे तास वहींत लिहितो.